मानसिकता नंतर बदलते

जूनमध्ये पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्यांबरोबर शाळेत एखादा नवा उपक्रमही येऊन पडतो. 2010 मध्ये शिक्षण हक्क कायद्यापाठोपाठ सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. 2015 मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र आणि त्याबरोबर ज्ञानरचनावाद आला. मग शाळासिद्धी, दीक्षा अ‍ॅप, 2021 मध्ये निपुण भारत, आणि आता नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे बदलत चाललेला अभ्यासक्रम. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या शिक्षकाने यातलं सगळं पाहिलंय. दर वेळी प्रशिक्षण झालं, पुस्तिका वाटल्या गेल्या, आणि दर वेळी मुख्याध्यापकांच्या सभेत कुणीतरी म्हणालंच, “सगळं ठीक आहे साहेब, पण शिक्षकांची मानसिकताच नाही.”

हा लेख असं म्हणणाऱ्यांसाठी आहे: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, संस्थाचालक, आणि शाळेत काही नवं करू पाहणारे शिक्षक. मानसिकतेला दोष दिला की पुढचे सगळे प्रश्न बंद होतात. वेळापत्रकात जागा होती का, साहित्य वेळेवर आलं का, वर्गात येऊन कुणी करून दाखवलं का, हे मग कुणी विचारत नाही. शिक्षकाचं मन बदलायचं आणि मग काम सुरू करायचं, हा क्रमच उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. आधी काम बदलतं, त्याने मुलं शिकताना दिसतात, आणि मग शिक्षकाचं मत बदलतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ थॉमस गस्की यांनी 1986 मध्ये नेमका हाच क्रम मांडला होता. प्रशिक्षणाच्या व्याख्यानाने शिक्षकाची धारणा बदलत नाही. स्वतःच्या वर्गातल्या मुलांना येऊ लागलं, हे डोळ्यांनी दिसल्यावर बदलते. हे पटायला पुस्तकाची गरज नाही, पण पुरावा हवा असेल तर तो आपल्याच देशात आहे.

मुंबईतल्या वस्त्यांमधून 1990च्या दशकात काम सुरू केलेल्या ‘प्रथम’ या संस्थेची एक पद्धत आता सर्वांना माहीत आहे. मुलांचे गट इयत्तेप्रमाणे करायचे नाहीत, त्यांना काय येतं त्या पातळीप्रमाणे करायचे, आणि प्रत्येक गटाला तिथून पुढे न्यायचं. ही पद्धत सरकारी शाळांत रुजेल का, हे अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत तपासलं. बिहारमध्ये 2008 साली उन्हाळी शिबिरं झाली. शिकवणारे सरकारी शाळांतलेच शिक्षक होते, आणि मुलांचं वाचन सुधारलं. शाळा सुरू झाल्यावर मात्र शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तेव्हा मुलांच्या शिकण्यात फरक पडला नाही. उन्हाळ्यात जमलेलं काम पावसाळ्यात जमेना. याचं कारण मानसिकतेत शोधणं अवघडच आहे, कारण दोन्हीकडे शिक्षक सरकारी शाळेचेच होते. फरक होता तो भोवतालच्या कामात. शाळा सुरू झाली की धडा पुढे न्यायचा असतो, घटक चाचणी जवळ आलेली असते, इयत्तेचं पुस्तक संपवायचं असतं.

2012-13 मध्ये हरियाणात हा अनुभव लक्षात घेऊन मांडणी बदलली. रोजच्या वेळापत्रकात या कामाला वेगळा तास दिला. त्या तासात पाठ्यपुस्तक बाजूला. आपल्या केंद्रप्रमुखांसारखं काम करणाऱ्या समन्वयकांनी आधी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना या पद्धतीने शिकवलं. त्यानंतर त्यांनी शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि शाळांना भेटी दिल्या. मुलांचं हिंदी वाचन सुधारलं. मला यातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्याने ते स्वतः मुलांसमोर केलंय, त्याच्या बोलण्याला शिक्षक मान देतात. ज्याने फक्त पीपीटी पाहिलंय, त्याच्यासमोर ते वही उघडून बसतात आणि चहाची वाट पाहतात.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना माझं पहिलं सांगणं हे: जो बदल तुम्ही सुचवणार आहात, तो आधी एखाद्या वर्गात आठ-दहा दिवस स्वतः घ्या. तो वर्ग तुमच्या शाळेतलाच असू द्या आणि निवडक हुशार मुलांचा नको. तुम्हाला ज्या अडचणी येतील त्या लिहून ठेवा, आणि शिक्षकांच्या बैठकीत सुरुवात तिथून करा. “शासनाने सांगितलंय” या वाक्याने सुरू झालेली बैठक फोटो काढून ग्रुपवर टाकण्यापाशी संपते. “मी चौथीच्या वर्गात घेतलं, तिसऱ्या दिवशी गोंधळ झाला, तो असा सोडवला” या वाक्याने सुरू झालेल्या बैठकीत प्रश्न विचारले जातात.

ते प्रश्न नीट ऐकायला शिकावं लागतं. टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी 1970च्या दशकात एक गोष्ट दाखवली, तिचा प्रत्यय प्रत्येक शाळेत येतो. नवीन पद्धत समोर आली की शिक्षकाच्या काळज्या टप्प्याटप्प्याने बदलत जातात. आधी ‘हे नेमकं आहे काय’, मग ‘यात माझं काय होणार, मला जमेल का’, मग ‘वेळ आणि साहित्य कसं जमवायचं’, आणि त्यानंतर कुठे ‘मुलांना याचा काय उपयोग होतोय’. आपलं बहुतेक प्रशिक्षण चौथ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशी देतं. मुलांच्या आनंददायी शिक्षणावर तासभर भाषण चालू असतं, आणि समोरच्या बाईंच्या डोक्यात असतं की पहिली ते चौथी चार वर्ग आम्ही दोघं सांभाळतो, हे करणार कधी?

शिक्षकांच्या तोंडी येणारी तीन-चार वाक्यं तर ठरलेलीच असतात. त्यांच्या आत काय दडलंय ते पाहायला हवं.

“हे आम्ही आधीपासूनच करतो.” यावर वाद घालू नका. वर्गात जाऊन पाहू द्या म्हणा, आणि खरंच पाहा. पुष्कळदा ते खरं निघतं. एखादे गुरुजी वर्षानुवर्षं चिंचोक्यांवर गणित शिकवत आलेले असतात आणि त्यांना ‘कृतियुक्त अध्ययन’ या नावाशी देणंघेणं नसतं. त्यांना नवीन शिक्षकांपुढे पाठ घ्यायला सांगा. आणि ते खरं नसेल, तर हे वाक्य ‘मला कमीपणा वाटतोय’ असं सांगत असतं. तो कमीपणा सर्वांसमोर उघडा पाडला, की त्या माणसाकडून पुढची पाच वर्षं काही मिळणार नाही.

“वेळ नाही.” हे नव्वद टक्के वेळा बहाणा मानलं जातं आणि बहुतेकदा खरं असतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 प्रमाणे शिक्षकांना दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. तरी पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, तातडीच्या लिंक, दर आठवड्याचा कुठलातरी दिवस साजरा करून पाठवायचे फोटो यांत शाळेचा किती वेळ जातो, हे मुख्याध्यापकांइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून माझा आग्रह आहे, एक नवीन काम देताना एक जुनं काम काढून घ्या. सगळी कामं तुमच्या हातात नसतात, पण काही नक्की असतात. तुमच्याच शाळेत सुरू झालेली दुहेरी नोंदवही, दर आठवड्याच्या टाचणातली तीच ती वाक्यं, परिपाठात वाढत गेलेले अर्ध्या तासाचे कार्यक्रम. यातलं एक बंद करा आणि ते बंद केल्याचं बैठकीत सांगा. तुम्ही हे मनापासून करताय, याची शिक्षकाला पटणारी खूण तीच असते.

“हे आधीही येऊन गेलं, पुढच्या वर्षी दुसरं येईल.” या वाक्यात अनुभव बोलतो. सर्वंकष मूल्यमापनाची कल्पना चांगली होती. मूल कसं शिकतंय ते वर्षभर पाहायचं, लिहून ठेवायचं आणि त्याप्रमाणे शिकवणं बदलायचं. पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या म्हटल्यावर तयार नोंदींच्या पुस्तिका निघाल्या, आणि ‘वर्गकार्यात सहभागी होतो’ हे वाक्य असंख्य मुलांच्या नावापुढे जाऊन बसलं. ज्या शिक्षकाने हे पाहिलंय, त्याने नव्या गोष्टीकडे सावधपणे पाहिलं तर त्याचं चुकलं कुठे? त्याला उत्साहाचे डोस देऊ नका. ही गोष्ट आपण किती काळ करणार आहोत ते त्याला सांगा, आणि तेवढा काळ ती खरंच करा. वर्षाला एकच बदल, पण तीन वर्षं टिकणारा. शाळेतल्या फलकावर सतरा उपक्रमांची यादी असते तेव्हा त्यांतला एकही मुलांपर्यंत पोचलेला नसण्याची शक्यता फार असते.

आता एका तासाकडे जवळून पाहू, कारण बदल होतो तो तिथेच. तिसरीचा वर्ग, हातच्याची वजाबाकी. फळ्यावर 52 वजा 27. वर्गातली पाच-सात मुलं 35 लिहितात. त्यांनी प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान वजा केलेलं असतं: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. बाई सांगतात, “दोनातून सात जात नाहीत, शेजारून दहा घे.” मूल मान डोलावतं, पाचावर काट मारतं, आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच करतं. काट मारणं त्याच्यासाठी फक्त एक खूण आहे. पाच म्हणजे पाच दशक, हे त्याच्या हाताला कधी लागलेलंच नाही.

आता त्याच मुलासमोर काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवा. म्हणा, यातून सत्तावीस मला दे. मूल दोन गठ्ठे उचलतं, मग सात काड्या शोधतं. सुट्या दोनच आहेत. इथे ते थांबतं. हा थांबण्याचा क्षण फार मोलाचा असतो, आणि नेमक्या याच क्षणी शिक्षकाला सांगून टाकण्याचा मोह होतो. गप्प राहायचं. थोड्या वेळाने मूल विचारतं, “हा गठ्ठा सोडू का?” रबर निघतं, दहा काड्या सांडतात, आता सुट्या बारा होतात. सात दिल्या, पाच उरल्या, गठ्ठे दोन उरले. पंचवीस. पाचावर काट का मारायची हे आता त्याला सांगावं लागत नाही.

हे वर्गात करायला गेलं की अडचणी येतात. काड्या वाटण्यात दहा मिनिटं जातात, दोघं भांडतात, रबरं तुटतात, शेजारच्या वर्गातून “आवाज कमी करा” असा निरोप येतो. या अडचणी ‘मानसिकते’च्या नावावर घालून चालणार नाही. प्रत्येक गटाची पिशवी आदल्या दिवशी भरून ठेवणं, वाटायची जबाबदारी गटप्रमुखाकडे देणं, गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर लगेच ठेवणं म्हणजे मांडामांड सुट्टीत होईल, असे लहान लहान उपाय लागतात. ते शिक्षकाच्या शेजारी बसूनच सापडतात. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हरली शॉवर्स यांनी शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यास करून हेच सांगितलं: नुसतं ऐकून, पाहून आणि एकदा सराव करून शिकलेलं वर्गापर्यंत फार कमी पोचतं, वर्गात सोबत राहून कुणी साथ दिली तर पोचतं. तुमच्या शाळेत ही साथ देणारा माणूस बाहेरून येणार नाही. शेजारच्या वर्गातला सहकारीच ते करू शकतो, फक्त त्याला आठवड्यातून एक तास मोकळा करून द्यावा लागतो. त्या तासाला त्याचा वर्ग मुख्याध्यापकांनी घ्यावा.

साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधलं काम पाहायला राज्यभरातून शिक्षक जात, ते आठवून पाहा. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी जे उभं केलं, त्याची खरी ताकद ते डोळ्यांनी पाहता येत होतं, यात होती. झेडपीच्याच शाळा, आपल्यासारखेच शिक्षक, आणि मुलं जमिनीवर बसून स्वतः शिकतायत. ते पाहून परतलेले कितीतरी शिक्षक खरोखर कामाला लागले. पुढे अनेक ठिकाणी फरशीवर आकृत्या रंगल्या, पण त्या आकृत्यांवर मुलांनी काय करायचं हे मात्र पोचलं नाही. पाहायला जाल तेव्हा भिंती आणि फरशा पाहू नका. एका मुलाशेजारी अर्धा तास बसा आणि ते काय करतंय, अडलं की कुणाकडे जातं, ते पाहा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवायला हवी, नाहीतर चांगला बदलही दिवाळीच्या आत मरतो. सुरुवातीला काम बिघडतं. कॅनडातले शिक्षणतज्ज्ञ मायकेल फुलन यांनी शाळांमधल्या बदलांवर आयुष्यभर काम केलं, आणि हा सुरुवातीचा उतार त्यांनी ठळकपणे दाखवला. ज्या शिक्षकाला फळ्यावर उत्तम शिकवता येत होतं, तो गटात शिकवायला लागल्यावर काही आठवडे अडखळतो. मुलं गोंगाट करतात, धडे मागे पडतात, पालक विचारतात की वह्या रिकाम्या का. याच वेळी कुणी वर्गतपासणीला आलं आणि शेरेबुकात ‘अभ्यासक्रम मागे’ असं लिहून गेलं, की तो शिक्षक पुन्हा कधी धजणार नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी पहिले दोन महिने त्या वर्गाची तपासणी करायची नाही, भेट द्यायची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांना जूनमध्येच सांगायचं की या वर्षी वहीतलं लिखाण कमी दिसेल आणि का दिसेल. शिक्षकाच्या पाठीशी उभं राहायचं ते हे असं, आधीपासून.

आता उत्साही शिक्षकांबद्दल. प्रत्येक केंद्रात असे एक-दोन असतातच. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. एका छोट्या गावच्या शाळेतून इतकं मोठं काही निघू शकतं, याचा आपल्याला अभिमान वाटायलाच हवा. पण तुमच्या शाळेतल्या उत्साही शिक्षकाचं नाव सतत पुढे करू नका. बैठकीत “त्यांच्याकडून शिका” म्हटलं की बाकीच्यांच्या मनात त्या कामाबद्दल अढी बसते, आणि तो शिक्षक स्टाफरूममध्ये एकटा पडतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे बदली. एकाच माणसाने चालवलेला उपक्रम त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर गाव सोडून जातो. म्हणून कोणताही प्रयोग पहिल्या दिवसापासून दोन वर्गांत सुरू करा. दुसरा शिक्षक निवडताना सर्वांत उत्साही नको, सर्वांना ज्याचं पटतं असा मध्यम वयाचा, शांत माणूस घ्या. एव्हरेट रॉजर्स यांनी 1962 च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात नव्या गोष्टी समाजात कशा पसरतात ते मांडलं. त्यांच्या मांडणीत अगदी सुरुवातीचे नवप्रवर्तक अडीच टक्के असतात, आणि बाकीचे लोक पाहतात ते त्यांच्या पाठोपाठ येणाऱ्या साडेतेरा टक्क्यांकडे. शाळेतही मन वळतं ते अशाच माणसाकडे पाहून.

विरोध करणारा शिक्षक प्रत्येक वेळी चुकीचा असतो, हे मनातून काढून टाका. गणिताच्या तासाला टॅब वापरायला नकार देणारे सर म्हणत असतील की माझ्या मुलांना अजून लिहून आकडेमोड करण्याची सवय लागलेली नाही, तर त्यांचं ऐका. मुलांचं नाव घेऊन केलेला विरोध ही माहिती असते. “अमुक चार मुलांना हे झेपणार नाही, कारण ती वर्षातले तीन महिने ऊसतोडीला जातात” असं सांगणारी बाई त्या उपक्रमाची सर्वांत चांगली परीक्षक आहे. तिला समितीत घ्या.

आणि जो शिक्षक खरोखर शिकवतच नाही, वर्गात मोबाइल पाहत बसतो, त्याचा प्रश्न वेगळा आहे. तो प्रशासनाने हाताळायचा. त्याच्यामुळे सर्वांवर संशय घेऊन सर्वांसाठी नवे तक्ते काढले, तर काम करणाऱ्यांना शिक्षा होते.

मुख्याध्यापकांची साथ नसलेल्या शिक्षकांना काय सांगू? परवानगी लागणार नाही इतकं लहान काम निवडा. एक विषय, एक घटक, रोजची वीस मिनिटं. सुरू करण्याआधी पाच मुलांची नावं लिहून ठेवा आणि त्यांना आज काय येतं ते एका ओळीत लिहा: ‘जोडाक्षरापाशी अडते’, ‘दोन अंकी बेरीज येते, हातच्याची नाही’. दर पंधरा दिवसांनी पुन्हा लिहा. अहवालासाठी हे लिहायचं नाही, कुणाला दाखवायचंही नाही. चाललेलं सोडून द्यावंसं वाटेल त्या दिवशी ती वही उघडून बघायची. कोसबाडच्या परिसरात अनुताई वाघांनी गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती मुलं शाळेत येऊ शकत नाहीत या एका अडचणीतून. तुमच्या वर्गातल्या पाच मुलांची अडचण नीट लिहिली गेली, तर पुढे काय करायचं ते तिथूनच सुचतं.

पंधरा दिवसांनी त्या पाचांपैकी दोन मुलं पुढे सरकली की शेजारच्या वर्गातल्या शिक्षकाला बोलवा. त्याला काही समजावून सांगू नका. मुलांना काम द्या, त्याला मागच्या बाकावर बसू द्या. तास संपल्यावर तो बहुधा “काड्या किती लागल्या?” किंवा “दुसरीलाही चालेल का हे?” असलं काहीतरी साधं विचारेल. तेवढ्याचं उत्तर द्या आणि तुमची काड्यांची पिशवी त्याला वापरायला द्या.